सॅक, बूट आणि काठी-रस्ता: नोकरी गेल्याची भाषा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, ब्रिटन-आयर्लंडमधला कामगार नोकरी गेल्यावर काय शब्द वापरतो याच्याशी आपलं काय देणं-घेणं? प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी एक प्रसंग सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा, मूळचा नाशिकचा, इंग्लंडमध्ये एका कंपनीत कामाला होता. एका शुक्रवारी दुपारी मॅनेजरबाईंनी त्याला खोलीत बोलावलं. चहा विचारला, बाजाराच्या परिस्थितीबद्दल बरंच बोलल्या, त्याच्या कामाचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाल्या, 'वी आर गोइंग टु हॅव टु लेट यू गो.' मुलाला वाटलं, आज लवकर सोडतायत. तो 'थँक यू' म्हणाला आणि जागेवर येऊन बॅग आवरायला लागला. शेजारच्या टेबलावर एक वयस्क इंग्रज सहकारी बसायचे. त्यांनी विचारलं, आज लवकर? मुलाने बाईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते गृहस्थ क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, 'सन, यू हॅव गॉट द सॅक.' तेव्हा कुठे पोराच्या पोटात खड्डा पडला.

म्हणजे बघा, पहिलं वाक्य सभ्य होतं, पण त्यातून त्याला काहीच कळलं नाही. दुसरं रांगडं होतं, ते लगेच कळलं. आजच्या व्याख्यानात आपल्याला एवढंच तपासायचंय, की या रांगड्या शब्दांमध्ये असं काय आहे जे सभ्य शब्दांत नाही. आणि समीक्षा करायची म्हणजे नुसतं कौतुक करून भागणार नाही. हे रांगडे शब्दही कुठे खोटे पडतात, कुठे गप्प बसतात, तेही बघावं लागेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेऊ. नोकरी जाते तेव्हा माणूस काहीतरी गमावतो. आपण मराठीत 'नोकरी गेली' म्हणतो. इंग्रज कामगार मात्र उलटं म्हणतो. तो म्हणतो, मला 'मिळालं'. काय मिळालं? पोतं मिळालं, बूट मिळाला, कोपर मिळालं, ढकला मिळाला, गोळी मिळाली, कार्डं मिळाली. या मिळालेल्या गोष्टींचे सरळ दोन ढीग करता येतात. एका ढिगात हातात पडलेल्या वस्तू, दुसऱ्या ढिगात अंगावर बसलेले तडाखे. आमच्या मते या दोन ढिगांमध्ये फार मोठा फरक आहे, आणि शब्दांचे संग्रह करणारे तो सहसा करत नाहीत.

आधी वस्तू घेऊ. 'सॅक' म्हणजे पोतं, थैली. इंग्रजीत 'गेट द सॅक' हा प्रयोग १८२५ पासून छापील सापडतो. पण थैली त्याहून बरीच जुनी आहे. रँडल कॉटग्रेव्हने १६११ साली फ्रेंच-इंग्रजी कोश काढला. धन्याने काढून टाकलेल्या नोकराबद्दल 'त्याला त्याची थैली दिली' असं फ्रेंच लोक म्हणत, याची नोंद त्यात आहे. डच भाषेतही माणसाला थैली देतात. नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं, की कारागीर आपली हत्यारं स्वतःच्या थैलीत घालून कामावर आणायचा. सुताराची पटाशी आणि रंधा, गवंड्याची थापी आणि ओळंबा. काम चालू आहे तोवर ती थैली कामाच्या जागी राहायची. मालकाने ती उचलून हातात दिली, की काय समजायचं ते समजायचं.

हे स्पष्टीकरण पक्कं सिद्ध झालंय असं नाही. ती थैली साधी प्रवासाचीही असू शकेल. पण दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे: थैली नोकराची स्वतःची आहे. मालक आपल्या पदरचं काही देत नाही. जे मुळात तुझंच होतं ते तुला परत करतोय, एवढंच.

लंडनच्या ईस्ट एंडमध्ये या 'सॅक'वर आणखी एक थर चढला. तिथे यमक जुळवून शब्द लपवायची रीत आहे. 'सॅक'ला यमक जुळतं 'टिन टॅक', म्हणजे बारीक चुका. मग माणूस म्हणतो, मला 'टिन टॅक' मिळाला. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि बोलणाऱ्यालाही तो जड शब्द तोंडातून काढावा लागत नाही. लपवाछपवी फक्त साहेबांच्याच भाषेत असते असं नाही, हे इथे नोंदवून ठेवू. पुढे लागणार आहे.

आता कार्डाकडे येऊ. 'गेट युअर कार्ड्स' म्हणजे तुझी कार्डं घे आणि चालू लाग. ही कुठली कार्डं? १९११ साली लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना नॅशनल इन्शुरन्सचा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून दर आठवड्याला चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. हे पैसे भरले याचा पुरावा म्हणून पोस्टातून तिकिटं आणून एका कार्डावर चिकटवायची. नोकरी असेपर्यंत कार्ड मालकाच्या कपाटात असायचं, नोकरी सुटली की कामगाराच्या हातात यायचं. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्यातच होता, त्यामुळे तिथेही तिकिटं आणि कार्डं आली. ब्रिटनमध्ये ही तिकिटं १९७५ च्या सुमारास संपली, पण विम्याच्या हप्त्याला 'स्टॅम्प' म्हणणारे लोक आजही भेटतात.

आम्हाला या कार्डाच्या वाक्प्रचारात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी बाजू. कार्ड मालक देऊ शकतो, तसंच कामगार ते मागूही शकतो. 'आस्क फॉर युअर कार्ड्स' म्हणजे स्वतःहून नोकरी सोडणं. मुकादम अंगावर ओरडला, सहन झालं नाही, की माणूस सरळ ऑफिसात जाऊन म्हणायचा, माझी कार्डं द्या. त्यावरची तिकिटं त्याच्या घामाची होती, कार्डावर त्याचं नाव होतं. म्हणून त्याला मागता येत होतं. बूट कोणी मागतं का? मला एक लाथ द्या, असं कोणी म्हणत नाही. हाच तो फरक. पहिल्या ढिगातल्या शब्दांमध्ये कामगाराच्या हक्काचा एक अंश शिल्लक आहे, दुसऱ्यात नाही.

स्कॉटलंडमध्ये, विशेषतः ग्लासगोकडे, कार्डाऐवजी वह्या मिळतात. 'ही गॉट हिज जॉटर्स.' जॉटर म्हणजे शाळेतली वही. फुटबॉल क्लबच्या व्यवस्थापकाला काढलं तरी तिकडचे लोक हेच म्हणतात. आम्हाला यात ऐकू येतं ते असं: पन्नाशीच्या माणसाला वर्गातून उठवून वह्या हातात देऊन घरी पाठवलं. यात विनोद आहे, आणि त्या विनोदात मास्तरांनी सगळ्यांसमोर उभं केल्याची लाजही आहे.

कार्डाची जागा पुढे पी-४५ने घेतली. पगारातून थेट कर कापायची पद्धत ब्रिटनमध्ये १९४४ साली आली. नोकरी सोडणाऱ्याला मालकाने एक फॉर्म द्यायचा: या वर्षी इतका पगार दिला, इतका कर कापला. पुढच्या मालकाला तो लागतो. हा फॉर्म राजीनामा देणाऱ्यालाही मिळतो, पण बोलण्यात 'गेट युअर पी-४५' म्हणजे हकालपट्टीच. ऑक्टोबर २०१७ मध्ये मँचेस्टरला हुजूर पक्षाच्या अधिवेशनात पंतप्रधान थेरेसा मे भाषण करत होत्या. सायमन ब्रॉडकिन नावाचा विनोदी कलाकार व्यासपीठापाशी गेला आणि त्याने त्यांच्या हातात एक कागद दिला. तो पी-४५ होता. सभागृहाबाहेरच्या कुठल्याही इंग्रज माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. कर खात्याच्या एका रुक्ष फॉर्मचा क्रमांक भाषेत एवढा खोल रुजलाय.

आयर्लंडने १ जानेवारी २०१९ पासून पी-४५ बंदच केला. सगळं ऑनलाइन झालं. वाक्प्रचार मात्र टिकून आहे. वस्तू जाते आणि वाक्प्रचार मागे राहतो, थैलीचंही तेच झालं. पण या क्रमाकडे जरा बघा. आधी हत्यारांची थैली, मग विम्याचं कार्ड, मग कराचा कागद, आणि आता पडद्यावरची एक नोंद. दोनशे वर्षांत कामगाराच्या हातात पडणारी वस्तू हलकी हलकी होत गेली. हत्यारं घेऊन माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम करू शकत होता. पी-४५ घेऊन तो फक्त आपला कर बरोबर भरलाय एवढं सांगू शकतो.

आता दुसरा ढीग, तडाख्यांचा. 'द बूट', 'द पुश', 'द एल्बो', 'द चॉप', 'द बुलेट'. लाथ, ढकला, कोपर, कुऱ्हाडीचा घाव, गोळी. इथे आपल्याला शेजार सापडतो. मराठीतला 'अर्धचंद्र देणे' आठवा. मानगुटीला धरताना अंगठा आणि बोटांमध्ये चंद्रकोर तयार होते, त्यावरून तो शब्द. बुटाचा आणि अर्धचंद्राचा पिंड एकच. शरीराला शरीराने बाहेर काढलं.

याच ढिगात एक प्रकार असा आहे जिथे अपमानाला सन्मानाचे कपडे घातलेत. 'ऑर्डर ऑफ द बूट.' ब्रिटनमध्ये 'ऑर्डर ऑफ द गार्टर' हा मानाचा किताब आहे, त्यावरचं हे विडंबन. जुलै १९४५ मध्ये युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलचा निवडणुकीत दणदणीत पराभव झाला. राजाने गार्टर देऊ केला तेव्हा, जनतेने मला बुटाचा किताब दिलाच आहे, आता राजाकडून गार्टर कसा घेऊ, अशा अर्थाचं चर्चिल बोलले, असं सांगतात. पुढे १९५३ मध्ये त्यांनी तो घेतला, ते सोडा. मराठीत यालाही जुळा भाऊ आहे. आपण नारळ देतो. सत्काराला शाल-श्रीफळ, आणि हकालपट्टीलाही नारळच. मान देण्याची वस्तू उलटी करून वापरायची खोड दोन्हीकडे आहे.

पण इथे आम्हाला थांबून एक आक्षेप नोंदवायचाय. तडाख्याचा शब्द कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा खरेखोटेपणा ठरतो. ज्याला लाथ बसली तो म्हणाला, 'मला बूट मिळाला', तर ती साक्ष आहे. तोच शब्द बातमीच्या मथळ्यात आला, की तमाशा होतो. ब्रिटिश वर्तमानपत्रांना छोटे शब्द हवे असतात, मोठ्या टायपात बसणारे. त्यामुळे मंत्र्याला 'चॉप', प्रशिक्षकाला 'बूट', आणि हजार कामगारांना 'अ‍ॅक्स'. घाव कोणी घातला हे मथळ्यात नसतं, आणि वाचणाऱ्याला कुऱ्हाड पडताना बघितल्याची गंमत मिळते. फुटबॉलमध्ये तर हा खेळाआधीचा खेळ झालाय. पुढचा कोणता व्यवस्थापक जाणार यावर पैजा लागतात. आणि क्लबच्या संचालकांनी 'आमचा व्यवस्थापकावर पूर्ण विश्वास आहे' असं पत्रक काढलं, की चाहते म्हणतात, संपला बिचारा. विश्वासदर्शक पत्रक म्हणजेच पूर्वसूचना, एवढी तिथली भाषा उलटी झाली आहे.

शब्द हातातून कसा निसटतो याचं आणखी एक उदाहरण. 'ऑन युअर बाइक' म्हणजे सायकल काढ, चल नीघ. १९८१ च्या ऑक्टोबरात ब्लॅकपूलच्या अधिवेशनात रोजगारमंत्री नॉर्मन टेबिट यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. तिशीच्या मंदीत वडील दंगे करत बसले नाहीत, सायकलवर बसले आणि काम शोधत फिरले. मंत्र्यांनी 'ऑन युअर बाइक' हे शब्द त्या रूपात उच्चारलेच नव्हते. पण लोकांनी भाषणाचा सारांश असाच काढला, आणि तो त्यांना कायमचा चिकटला. पुढच्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. दोन मित्रांमधला चेष्टेचा शब्द सरकारच्या तोंडी ऐकू आला, की तो किती कठोर होतो, हे त्या पिढीला नीट कळलं.

इथून आपण आयर्लंडकडे जाऊ, पण वाट एका कादंबरीवरून जाते. 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलान्थ्रॉपिस्ट्स'. लेखक रॉबर्ट ट्रेसेल. खरं नाव रॉबर्ट नूनन, जन्म डब्लिनचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्जला तो घरं रंगवायचं काम करायचा. टोपणनावही रंगाऱ्याच्या 'ट्रेसल'वरून, म्हणजे आपण ज्याला घोडी म्हणतो त्यावरून घेतलेलं. १९११ मध्ये तो वारला आणि पुस्तक १९१४ मध्ये आलं. त्यात जॅक लिंडेन नावाचा म्हातारा रंगारी आहे. कामाच्या वेळात पाइप ओढताना तो हंटर नावाच्या मुकादमाला सापडतो आणि जागच्या जागी काढला जातो. पाइप हे निमित्त. तेच काम कमी मजुरीत करायला दुसरा माणूस तयार असतो. लिंडेनच्या वाट्याला पुढे वर्कहाऊस येतं.

या प्रसंगात आम्हाला भिडतं ते बाकीच्यांचं वागणं. मुकादमाला पाठीमागे टोपणनावं ठेवलेली आहेत. त्यातलं एक 'मिझरी', म्हणजे दैन्य. पाठीमागे चेष्टा भरपूर, समोर मात्र एकही शब्द नाही. प्रत्येकाला वाटतं, आज तो गेला, मी वाचलो. मघाशी 'टिन टॅक'च्या वेळी जे म्हटलं ते इथे लागू होतं. रांगडी भाषा धीर देते, पण धीर देता देता ती सवयही लावते. ज्याच्यावर आपण हसतो ते आपण सोसायला लागतो. ट्रेसेलचा रोख मालकांइतकाच या सोसण्यावर आहे. पुस्तकाच्या नावातले दानशूर म्हणजे फाटक्या विजारीतले कामगारच. आपले कष्ट ते मालकाला दान करतात.

आता आयरिश भाषा. आयरिशमध्ये नोकरीवरून काढलेल्या माणसाबद्दल म्हणतात, त्याला 'बाता आगस बोहर' दिलं गेलं. बाता म्हणजे काठी, बोहर म्हणजे रस्ता. काठी आणि रस्ता, बस्स. आयरिश लोकांच्या इंग्रजीतही माणसाला 'द रोड' मिळतो. आपण मघाशी केलेल्या दोन ढिगांत हा वाक्प्रचार कुठे बसतो बघा. काठी ही वस्तू आहे, चालायला आधार. पण काठी मारायलाही असते. आणि रस्ता ही काही देण्याची वस्तू नाही, रस्ता आधीच सगळ्यांचा असतो. म्हणजे देणाऱ्याने काहीच दिलेलं नाही, आणि तरी 'दिलं' म्हटलंय. ज्या देशातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामासाठी बाहेर पडली, तिथे हा वाक्प्रचार नुसता विनोद राहत नाही.

आणखी एक आयरिश प्रयोग आहे: माणसाला नोकरीतून 'मोडलं'. काठी मोडावी तसं क्रियापद. आणि या दोन्ही वाक्यांचं व्याकरण फार बोलकं आहे. आयरिश क्रियापदाला एक असं रूप असतं ज्याला कर्ताच नसतो. तिथल्या व्याकरणात त्याला 'मुक्त क्रियापद' अशा अर्थाचं नाव आहे. 'दिलं गेलं', 'मोडलं गेलं'. कोणी, हे वाक्यात येतच नाही. आपल्याला हे अनोळखी नाही. 'सदर कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करण्यात आले आहे.' कोणी केलं कमी? 'करण्यात आले', एवढंच.

प्रत्यक्षात करणारा नेहमीच असतो आणि त्याला नाव असतं. शॉन ओ'केसी हा डब्लिनचा मोठा नाटककार. तरुणपणी एका ठिकाणी पगाराचं पाकीट घेताना त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही, म्हणून त्याची नोकरी गेली, अशी हकिकत त्याच्या चरित्रात येते. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्याच शहरात ट्राम कंपनीचे मालक विल्यम मार्टिन मर्फी यांनी जिम लार्किनच्या संघटनेत असल्याच्या संशयावरून कामगारांना काढायला सुरुवात केली. ट्राम थांबल्या, इतर मालकही एकत्र आले. संघटनेशी संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या, नाहीतर दार बंद. सुमारे वीस हजार कामगार १९१४ च्या सुरुवातीपर्यंत बाहेर राहिले. इतिहासात त्याला 'लॉकआऊट' म्हणतात. मुंबईच्या गिरणगावाने हाच शब्द 'टाळेबंदी' म्हणून ओळखला, कारण आपले औद्योगिक कायदे त्याच इंग्रजी शब्दकोशातून आलेत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'लॉकआऊट' होता, १९५३ च्या दुरुस्तीने 'ले-ऑफ' आणि 'रिट्रेंचमेंट'बद्दलचं प्रकरण आलं. त्यामुळे हा शब्दसंग्रह अगदीच परक्याच्या घरचा नाही.

आता हे शब्द कुठे गप्प बसतात ते बघू. आतापर्यंतच्या उदाहरणांत एकही बाई आली नाही, फक्त त्या मॅनेजरबाई आणि एक पंतप्रधान बाई सोडल्या तर. हा आमचा विसराळूपणा नाही. ब्रिटनच्या सरकारी नोकरीत १९४६ पर्यंत, आणि आयर्लंडमध्ये थेट १९७३ पर्यंत, लग्न झालं की बाईने नोकरी सोडायची असा नियम होता. हजारो कारकून मुली, टायपिस्ट मुली त्यात गेल्या. तिने चूक केलेली नाही, कामात कमी पडलेली नाही, लग्न केलंय एवढंच. पण तिला सॅक मिळाली असं कोणी म्हणत नसे. तिने 'राजीनामा दिला' असं कागदावर यायचं. आयर्लंडमध्ये तर लग्नाबद्दल सरकारकडून एक रक्कमही मिळायची. सहकारी भेटवस्तू देत, केक कापत. एवढी मोठी हकालपट्टी, आणि बूट, कोपर, गोळी यातला एकही शब्द तिच्या वाट्याला आला नाही. रांगडी भाषा ही पुरुषांच्या कामाच्या जागेवर घडलेली भाषा आहे. तिला जे अन्याय म्हणून दिसलं त्यालाच तिने नाव दिलं. जे रीत म्हणून दिसलं ते तिला दिसलंच नाही.

शेवटी साहेबांच्या भाषेकडे येऊ. 'रिडंडंट' हा तिथला कायदेशीर शब्द. ब्रिटनमध्ये त्याच्या भरपाईचा कायदा १९६५ चा, आयर्लंडमध्ये १९६७ चा. हे कायदे कामगाराच्या फायद्याचे आहेत, यात शंका नाही. पण शब्द बघा. लॅटिन मूळ 'उतू जाणं'. त्यात 'उंदा' म्हणजे लाट आहे. भांडं भरलं, काठावरून जे सांडलं ते तुम्ही. कायदा असंही म्हणतो की अनावश्यक झाली ती जागा, माणूस नव्हे. पण संध्याकाळी घरी कोण जातं? जागा नाही जात. मग 'गार्डनिंग लीव्ह' आहे: पगार चालू, पण ऑफिसात यायचं नाही, घरी बसून बाग करा, बाग असो वा नसो. आणि 'लेट गो', जणू माणूस निघायला धडपडत होता आणि कंपनीने मोठ्या मनाने हात सोडला.

१७ मार्च २०२२ ला 'पी अँड ओ फेरीज'ने सुमारे ८०० खलाशांना एकदम काढलं. आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ संदेश दाखवून. कामगार संघटनांशी आधी चर्चा करणं कायद्याने बंधनकारक होतं. ते आपण जाणूनबुजून टाळलं, असं कंपनीच्या प्रमुखांनी नंतर खासदारांपुढे कबूल केलं. त्या व्हिडिओत सांगणारा माणूस समोर नव्हता, त्याला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. थैली देणाऱ्या मालकाला निदान थैली उचलून कामगारासमोर उभं राहावं लागत होतं, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत होता. इथे तेही नाही.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. ही रांगडी भाषा खरी ठरते ती बसलेला घाव आणि हातात पडलेली वस्तू सांगते म्हणून, आणि ज्याची नोकरी गेली तो स्वतः ती बोलतो तेव्हा. मथळ्यात गेली की ती खोटी पडते, नुसतं हसण्यावर नेलं की ती दुबळी होते, आणि बायकांच्या बाबतीत ती बराच काळ मुकी होती. तरीही सभ्य भाषेपेक्षा तिचं एक काम मोठं आहे: झालंय काय, हे ती सांगते. त्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.

नाशिकच्या त्या मुलाचं काय झालं, हे राहिलंच. ब्रिटनमध्ये परदेशी कामगाराचा व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटल्यावर नवी कंपनी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. 'लेट यू गो'चा अर्थ त्याला सोमवारी कळला असता, तर हातातले दोन-तीन दिवस 'थँक यू' म्हणण्यातच गेले असते. शेजारच्या गृहस्थांनी त्याला खाली बसवलं आणि विचारायच्या गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या: लेखी कारण, नोटिशीचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, पी-४५. मुलगा पुन्हा त्या खोलीत गेला आणि ते सगळं मागून आला. दुसरी नोकरी त्याला एकोणपन्नासाव्या दिवशी लागली.

त्या संध्याकाळी त्याने घरी फोन केला. आईला 'कंपनीने मला जाऊ दिलं' असं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, कुठे? तो म्हणाला, 'आई, नारळ मिळाला.' आईला पुढे काही विचारावं लागलं नाही.

आता प्रश्न घेऊ.